अठरा पूर्ण व्हायला चार महिने आणि घरात रोज भांडण

एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं गरजेपुरतं सांगते. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. वर्षभरापासून वर्ग बुडवतो, रात्री दोन-तीनपर्यंत जागतो, सकाळी उठवायला गेलं की शिव्या देतो. आईच्या पर्समधून दोनदा पैसे गेले. गेल्या महिन्यात वडिलांशी जुंपली तेव्हा त्याने स्वतःच्याच खोलीच्या दाराला लाथ मारून भोक पाडलं. तोंडी एकच वाक्य: "अठरा होऊ दे, मग बघा." वडील म्हणतात, अठरा झाले की दुसऱ्या दिवशी बॅग दाराबाहेर. आई वडिलांच्या नकळत त्याला पैसे देते, हे तिने स्वतःच लिहिलंय, तेही शेवटच्या ओळींत, घाईघाईने. प्रश्न दोन: "चार महिन्यांत याला वळण कसं लावू? आणि वाढदिवस साजरा करायचा की नाही?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधी तेच देते. चार महिन्यांत वळण लावायचा नाद सोडा.

अठरावं वर्ष जवळ आलं की आईबापांची अवस्था परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी होते. राहून गेलेला सगळा अभ्यास एका रात्रीत उरकायचा. वेळ पाळणं, खरं बोलणं, पैशाची किंमत, मोठ्यांचा मान, सगळं एकदम आणि सगळं वरच्या पट्टीत. मुलाला त्यातून एवढंच कळतं की यांची मुदत संपत आलीय. मग तो शिकत नाही, दिवस मोजतो. तुमचा मुलगा दिवसच मोजतोय, आणि तुम्हीही तेच करताय. एकाच कॅलेंडरकडे दोघं दोन बाजूंनी बघताय, इतकाच फरक.

बहुतेक देशांत अठराव्या वाढदिवशी कायदा बदलतो. सही त्याची, खातं त्याचं, आणि त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुम्हाला काही सांगत नाहीत. त्याचा मेंदू मात्र ती तारीख ओळखत नाही. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. हे आता सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, आणि बरेच पालक त्याचा अर्थ "याला अजून अक्कल नाही" असा काढतात. तो चुकीचा आहे. शांत बसवून, वेळ देऊन विचारलं तर सोळा-सतरा वर्षांचं पोर बरंचसं मोठ्या माणसासारखा विचार करतं. घोटाळा होतो तो डोकं तापलेलं असताना, किंवा मित्र बघत असताना. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना दोन मित्रांसमोर. मित्र बघताहेत म्हटल्यावर किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोके घेतले. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असले काय नि नसले काय, फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या घरात एकाच नावाची दोन मुलं राहतात, एक गार आणि एक तापलेला. तुम्ही आजवर जे जे महत्त्वाचं बोललात, ते बहुधा तापलेल्याशी बोललात.

आता थोडा दिलासा, आणि त्याला जोडून एक काळजी. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३मध्ये मांडलं की वाह्यात वागणाऱ्या मुलांत ढोबळमानाने दोन गट दिसतात. एक लहानपणापासूनच तसा असणारा, छोटा गट. दुसरा खूप मोठा, जो किशोरवयात बिघडतो आणि विशी ओलांडता ओलांडता बराचसा सुधारतो. तुमचा मुलगा बारा-तेरा वर्षांपर्यंत "सरळ, हसरा" होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो दुसऱ्या गटातला असण्याची शक्यता जास्त. पण मॉफिटबाईंचा पुढचा मुद्दा लोक विसरतात. दुसऱ्या गटातली मुलं आपोआप बाहेर पडतात ती वाटेत सापळ्यात पाय अडकला नाही तर. व्यसन, पोलीस केस, गंभीर अपघात, कायमचं सुटलेलं शिक्षण, नको त्या वेळी आलेलं पालकपण, हे ते सापळे. यातल्या एखाद्यात अडकलं की स्वभाव निवळला तरी माणूस तिथेच राहतो.

येत्या चार महिन्यांत, आणि खरं तर येत्या चार-पाच वर्षांत, तुमचं काम या सापळ्यांपासून त्याला वाचवणं आणि त्याच्या-तुमच्यातलं बोलणं पूर्ण तुटू न देणं, एवढंच आहे. केस, खोलीतला पसारा, मित्रांची निवड, नातेवाइकांपुढचा चेहरा, हे आजपासून तुमच्या वहीतून कमी करा. पसाऱ्यावरून रोज तोंड वाजवणारी आई ज्या दिवशी "दारू पिऊन गाडी चालवू नकोस" म्हणते, त्या दिवशी ते वाक्य पसाऱ्याच्याच ढिगात पडतं.

आता तुमच्या सकाळकडे येऊ. पत्रात तुम्ही ती इतकी बारकाईने लिहिलीय की मला दार, पडदा आणि तुमच्या हातातला कप दिसला. सव्वासात: "उठलास का?" आतून "हो." साडेसात: "अरे, ऊठ." उत्तर नाही. पावणेआठ: पडदा ओढला, पांघरूण खेचलं. "काय कटकट आहे!" आठ वाजता तुम्ही गेल्या महिन्यातले पैसे काढलेत, मग शेजारच्या मुलाचे मार्क, मग "तुझ्या बापासारखाच निघालास." तो उठून बसला आणि त्याने ती शिवी दिली. तुम्ही रडत बाहेर आलात, दार लावलं. शांतता.

त्या शांततेत काय झालं ते बघा. त्याला कळलं की पुरेसं घाण बोललं की आई जाते. तुम्हाला कळलं की दार लावलं की शिव्या थांबतात. दोघांनाही बक्षीस मिळालं. उद्या तो शिवीपर्यंत लवकर पोचेल, कारण आधीच्या पायऱ्यांचा उपयोग नाही हे त्याला माहीत झालंय. आणि एखाद्या दिवशी तुम्ही इतक्या ओरडाल की तो खरोखर उठेल. त्या दिवशी तुम्ही शिकाल की कमी ओरडून भागत नाही. जेराल्ड पॅटरसन यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये घरोघरी निरीक्षक बसवून हे चक्र टिपलं आणि १९८२मध्ये सविस्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं की अशा घरांत कुणी मुळात दुष्ट नसतं. दोन माणसं एकमेकांना रोज थोडं थोडं ओरडायला शिकवतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरचाच सुरुवात करतो.

या चक्रातून बाहेर पडायला त्याची परवानगी लागत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. उद्यापासून त्याला उठवू नका. एकदा, आदल्या संध्याकाळी, गार वेळी सांगा: "सकाळी उठवण्यावरून आपण रोज भांडतो. मला ते नकोय. उद्यापासून मी उठवणार नाही, गजर तुझा." एवढंच. "मग बघू कसा उठतोस" ही शेपूट जोडू नका. तो टोमणा तुम्हाला परत त्याच दारात नेऊन उभा करेल. पहिला आठवडा तो उठणार नाही. दुसऱ्यातही कदाचित नाही. वर्ग बुडतील, संस्थेतून फोन येईल, तेव्हा त्याच्या वतीने तब्येतीचं कारण सांगू नका. "तो घरी आहे, झोपलाय, तुम्ही त्याच्याशी थेट बोला," इतकं खरं बोला. अशा वेळी आईचे हात शिवशिवतात. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई तो पहिला आठवडा पहाटेच घराबाहेर चालायला जात असत, केवळ त्या दारापासून लांब राहायला म्हणून. वेळ मारून न्यायला इतका साधा उपाय मला अजून सापडलेला नाही.

झोपेचंही थोडं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप उशिरा येते, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्यामुळे उशिरापर्यंत जागणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा नव्हे. फोन रात्री खोलीबाहेर ठेवायचा नियम करायचा असेल तर तुमचे दोघांचे फोनही त्याच टेबलावर ठेवा, नाहीतर तो नियम काढूच नका.

लोखंड तापलं असताना घाव घालावा असं आपण म्हणतो. हाइम ओमर नावाचे इस्रायली मानसशास्त्रज्ञ हिंसक, हाताबाहेर गेलेल्या मुलांच्या पालकांना नेमकं उलटं सांगतात: लोखंड गार होऊ द्या, मग घाव घाला. त्यांनी गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराची कल्पना घरात आणली. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, धमकी द्यायची नाही, पण माघारही घ्यायची नाही. बऱ्याच पालकांना आधी हे गुळमुळीत वाटतं. मलाही वाटलं होतं. कामाला लागल्यावर पहिली काही वर्षं मी कुटुंबांना नियमांचे तक्ते करून देत असे. एका घरात तेवीस नियम झाले होते, प्रत्येकापुढे दंड. त्या मुलीने तो तक्ता तोंडपाठ केला आणि प्रत्येक नियमाच्या अगदी कडेवर उभी राहून आईबापांना खेळवलं. रात्री दहाचा नियम, तर ती नऊ एकोणसाठला उंबऱ्यात एक पाय टाकून उभी. तक्ता माझा होता, चूकही माझीच. त्यातला प्रत्येक नियम "तू काय करशील" याबद्दल होता, आणि ते तर तिच्या हातात होतं.

तुमच्या हातात आहे ते "आम्ही काय करू." म्हणून त्याच्या बाबांसोबत बसून एक कागद लिहा. आठ-दहा ओळींपेक्षा मोठा नको. साधारण असा:

"तू आम्हाला हवा आहेस, अठरा झाल्यावरही. गेल्या वर्षात या घरात शिव्या, आदळआपट आणि पैसे जाणं सुरू झालं. त्यात आमचंही ओरडणं आहे. यापुढे आम्ही दोघं तुझ्यावर हात उचलणार नाही, घराबाहेर काढण्याची धमकी देणार नाही. पण हे चालूही देणार नाही. पैसे गेले तर आम्ही गप्प बसणार नाही. मोडतोड झाली तर दुरुस्तीचा खर्च तुझ्या महिन्याच्या पैशांतून जाईल. हे सगळं आम्ही तुझ्या मामांना आणि आत्याला सांगितलं आहे, कारण लपवून लपवून आम्ही थकलो. तुला बोलायचं असेल तेव्हा आम्ही आहोत. आई, बाबा."

मामा आणि आत्या मी उदाहरणादाखल घातले. तुमच्याकडे तो ज्यांचं थोडंफार मानतो अशी दोन-तीन माणसं घ्या. त्यांनी त्याला उपदेश करायचा नाही. "मला कळलंय, तू मला आवडतोस, आणि हे थांबायला हवं," इतकंच म्हणायचं. चार लोकांत हसं होईल ही भीती मला समजते. पण आजवर या घरातल्या हिंसेला सगळ्यात जास्त मदत त्या भीतीनेच केलीय.

कागद गार वेळी वाचून दाखवा, हातात द्या आणि उठून जा. उत्तर मागू नका. तो हसेल, फाडेल, "नाटकं" म्हणेल. चालेल. हा करार नव्हे, त्याची सही नकोच आहे. एका घरात मुलाने तो कागद दुसऱ्या दिवशी फ्रिजवर लावला होता, शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त करून. वडील संतापून माझ्याकडे घेऊन आले. मी म्हटलं, त्याने तो शब्द न् शब्द वाचलाय, आणखी काय हवं?

पैशांबद्दल मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. तुम्ही चोरून देताय आणि तो चोरून घेतोय. दोन्ही बंद व्हायला हवं, आणि आधी तुमचं. तुमचं देणं ठरलेलं नसतं: कधी नाही म्हणता, कधी तो फार चिडला किंवा फार गोड वागला की देता. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसासाठी माणूस सर्वांत चिवटपणे मागत राहतो, जुगाराचं यंत्र याच हिशोबावर चालतं. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, दोघांच्या संमतीने, उघडपणे द्या. वागणं चांगलं म्हणून जास्त नाही, वाईट म्हणून रद्द नाही. फक्त केलेलं नुकसान वजा. पर्स कुलपात ठेवा. त्यात अपमान कसला? उघड्या पर्सवरून रोज संशय घेण्यापेक्षा कुलूप बरं. आणि हे पैसे जातात कुठे, ते शोधा. मित्रांत मिरवायला, ऑनलाइन जुगारात, नशेत की कुणाचं देणं फेडायला, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

तुम्ही दोघं भांडता ते वेगळंच. बाबा जितके कडक होतात तितक्या तुम्ही मऊ होता, आणि तुम्ही मऊ झालात की ते आणखी आवळतात. प्रत्येकजण दुसऱ्याची चूक भरून काढतोय. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकातच दाखवलं की नुसता धाक आणि नुसती मोकळीक, दोन्ही अपुऱ्या पडतात. माया आणि ठामपणा एकाच माणसात असावा लागतो. तुमच्या घरात त्याची वाटणी झालीय, माया एकीकडे नि ठामपणा दुसरीकडे. आठवडाभर अदलाबदल करून बघा. "आज जमणार नाही" हे तुम्ही सांगा, आणि रात्री उशिरा आल्यावर "जेवलास का?" हे बाबांनी विचारावं. बाबांना ते फार जड जाईल. आणि "बॅग दाराबाहेर" हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारू नये. जी धमकी प्रत्यक्षात आणायची नाही ती दिली की पुढच्या सगळ्या शब्दांची किंमत कमी होते. प्रत्यक्षात आणायचीच असेल, तर ज्या पोराला पर्समधून पैसे घ्यावे लागताहेत ते रस्त्यावर कसं जगेल, याचं उत्तर त्यांनी आधी स्वतःला द्यावं. वर सांगितलेले सापळे तिथेच मांडलेले असतात.

आता पत्रातलं मला सर्वात खटकलेलं वाक्य: "मी त्याचा फोन रोज तपासते, म्हणून मला सगळं कळतं." नाही ताई, कळत नाही. स्टॅटिन आणि केर या दोघा संशोधकांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०००मध्ये एक गोष्ट पुढे आणली, जिने माझी कामाची पद्धतच बदलली. तोवर समज असा होता की जे पालक पाळत ठेवतात त्यांना मुलाबद्दल जास्त माहिती असते, आणि माहिती असली की मुलं कमी बिघडतात. यांनी विचारलं, ही माहिती येते कुठून? ती मुख्यतः मूल आपणहून सांगतं त्यातून येत होती. प्रश्न विचारून किंवा बंधनं घालून मिळणारी त्यामानाने कमी. म्हणजे तुमच्या पाळतीला नव्हे, त्याच्या बोलण्याला जपायचंय. आणि ते बोलणं मरतं ते तुमच्या चेहऱ्यावर.

कसं, ते सांगते. तो कधीतरी सहज म्हणतो, "काल एकाला खूप चढली होती, उलट्या करत होता." ही परीक्षा असते. तो बघतोय की या बाईला खरं सांगितलं तर काय होतं. तुम्ही "कोण? तू होतास तिथे? तू प्यायलास?" म्हणालात की ते दार बंद, बहुधा काही महिन्यांसाठी. "अरे बापरे. मग त्याला घरी कुणी सोडलं?" म्हणालात, तर पुढचं वाक्य येईल. तुमच्या पोटात गोळा आलेला असेल, येऊ दे. हातातलं काम चालू ठेवा, नजर त्याच्यावर रोखू नका. या मुलांशी समोरासमोर बसून बोलणं होतच नाही. शेजारी शेजारी होतं, गाडीत, भांडी पुसताना, कुत्र्याला फिरवताना. आणि तुमच्या वाट्याला तीन वाक्यं. चौथं वाक्य भाषणाचं असतं.

विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली होती. तिचा गाभा इतकाच की तुम्ही बदलाची बाजू मांडू लागलात की समोरच्याला न बदलण्याची बाजू मांडावी लागते, आणि आपणच बोललेलं आपल्याला पटत जातं. "अठरा होऊ दे, मग बघा" यावर तुम्ही आजवर "काय बघायचं? काय दिवे लावणार आहेस?" असं म्हणत आलात. एकदा गार वेळी, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारा: "अठरा झाल्यावर तुला कसं राहायचंय?" तो कदाचित मूर्खासारखं काही बोलेल. वेगळी खोली घेणार, काम करणार, गेमिंगमधून कमावणार. खोडू नका. "मग त्याला महिन्याला किती लागतील, बसू या का काढायला?" म्हणा. कागदावर आकडे तो स्वतः मांडेल तेव्हा जे घडतं ते तुमच्या दहा भाषणांतून घडणार नाही. आणि खरंच त्याचा बेत जमण्यासारखा निघाला तर? तर मदत करा. वाद न घालता घराबाहेर पडलेलं पोर परत येऊ शकतं.

हळूहळू त्याच्या हाती द्यायच्या गोष्टीही आताच सुरू करा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातही पालकांनी मुलाच्या वाढत्या कुवतीप्रमाणे मार्गदर्शन करावं असंच म्हटलंय. अठराव्या वर्षी एकदम किल्ल्या फेकाव्यात असं कुठेच नाही. दर महिन्याला एक गोष्ट. कपडे धुणं, डॉक्टरची वेळ घेणं आणि आत एकट्याने जाणं, बँकेचं खातं, अर्ज भरणं. अर्जाची तारीख चुकली तर चुकू दे. सतराव्या वर्षी अर्ज चुकतो, पंचविसाव्या वर्षी कर्जाचा हप्ता चुकतो.

एवढं सगळं सांगितलं, पण काही गोष्टींत वाट बघायची नसते. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि सुमारे तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं केसलर आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं होतं. म्हणजे "वयच तसं आहे" आणि "आजार आहे" हे एकाच वयात येतात. या वयातलं नैराश्य उदास चेहऱ्याने येईलच असं नाही, चिडचिडीच्या रूपानेही येतं. मी बघते ते असं: मुलगा मुळातलाच असा आहे, की काही आठवड्यांत बदललाय? घरी भांडतो पण मित्रांत हसतो, की मित्रही सुटलेत? पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालंय का? दोन तास झोपूनही दिवसभर सुसाट असतो का, कुणीतरी मागावर आहे म्हणतो का, एकटाच कुणाशी बोलतो का, हातावर कापल्याच्या खुणा आहेत का, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय का? यातलं काहीही असेल तर समुपदेशकाआधी मनोविकारतज्ज्ञ. तुम्ही "पाचवीपासूनच वाचनाचा कंटाळा" असंही लिहिलंय. वाचनातली अडचण किंवा अवधानाची समस्या इतकी वर्षं कुणाच्या लक्षात न येणं अगदी होतं. आळशी म्हणून दहा वर्षं बोलणी खाल्लेली मुलं मी पाहिलीत. तपासून घ्या.

मरण्याबद्दल तो काही बोलला, विनोदात का होईना, तर सरळ विचारा: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, हे नीट तपासलं गेलंय. बहुतेकदा विचारणारं कुणीतरी मिळालं म्हणून सुटकाच वाटते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि त्याने तुमच्यावर हात उचलला तर खोलीतून, लागलं तर घरातून बाहेर पडा, कुणाला तरी बोलावून घ्या. गरज पडली तर पोलीसही. आईने मार खाऊन गप्प बसण्याने मुलगा वाचत नाही. दाराच्या भोकाबद्दल: दार दुरुस्त करा, त्याला सुताराबरोबर उभं करा, खर्च वळता करा, विषय संपवा. ते भोक आठवण म्हणून तसंच ठेवायचं, असं बाबांचं म्हणणं आहे ना? रोज येता-जाता त्या घरात सगळ्यांनी ते बघायचं, याने कुणाचं काय भलं होणार?

हे सगळं केल्यावर पहिले तीन-चार आठवडे तो जास्त वाईट वागेल. जी कळ दाबून आजवर दार उघडायचं ती चालेनाशी झाली की माणूस आधी ती जोरात दाबतो. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात आणि मला फोन करून सांगतात की तुमचा उपाय चालला नाही. तेव्हा तेवढे आठवडे मामा-आत्यांना रोज संध्याकाळी फोन करायला सांगा, त्याच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

राहिला वाढदिवस. साजरा करा. तो बक्षीस म्हणून द्यायचा नसतो आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचा नसतो. थाटमाट नको, त्याला आवडतं ते जेवण आणि घरातली माणसं. त्या दिवशी कागद, अटी, "आता तू मोठा झालास" हे भाषण, काही काढू नका. बाबांनाही आधीच सांगून ठेवा. त्याची कागदपत्रं एका फाइलमध्ये नीट लावून दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात द्या: जन्मदाखला, गुणपत्रिका, लसींची नोंद, बँकेचं. "ही तुझी, आता तुझ्याकडे," इतकंच बोला. आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी तो अर्ध्या जेवणावरून उठून मित्रांकडे निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. परत यायला किती वाजतील तेवढं विचारून घ्या, म्हणजे दाराला आतून कडी लावायची नाही हे लक्षात राहील.